भार पेलतो कोण? शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा गैरसमज आणि सिट्रोएनची तोड

ठेंगणी केलेली मोटार आणि तिच्यामागचा ट्रेलर यांचे सहसा जमत नाही. हुकावर वजन पडताच मागची बाजू बसते, मुळातच थोडी असलेली स्प्रिंगची हालचाल संपते, पुढची चाके हलकी होतात. अशा वेळी कडक शॉक अ‍ॅब्सॉर्बर शोधला जातो. परंतु साधा शॉक अ‍ॅब्सॉर्बर भार पेलतच नाही. भार पेलते ती स्प्रिंग. तो केवळ तिची उसळी शमवतो.

फ्रान्समध्ये सिट्रोएनच्या पॉल माझेस यांनी स्प्रिंगच बदलली. पोलादाऐवजी गोलकात कोंडलेला नायट्रोजन आणि दाबाखालील तेल! १९५४ मध्ये ‘१५-सिक्स एच’च्या मागील चाकांना, तर १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनातील ‘डीएस’च्या चारही चाकांना ही रचना लाभली. मागे वजन वाढले की झडपेतून अधिक तेल येई व गाडी पूर्ववत उंच होई. उसळी शमवणारी झडपही गोलकाच्या तोंडाशीच असे. (इंजिन बंद केल्यावर मात्र डीएस हळूहळू जमिनीकडे बसे, तिच्या चाहत्यांना त्याचेच कौतुक.)

आरंभीचे तेल हवेतील ओलावा शोषून आतील भाग गंजवी. १९६० च्या दशकात हिरवे खनिज तेल आले, तेव्हा कुठे तो त्रास सरला.