पुद्गलाचे सहा भेद : दोन वाटांच्या प्रश्नांचा इतिहास

सृष्टीतील पदार्थ असंख्य आहेत. त्यांची गणना करणे मानवाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यांची विभागणी करणे मात्र शक्य आहे. या कामी एक सोपी परंतु काटेकोर रीत फार उपयोगी पडते. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, त्याची उत्तरे दोनच असावीत आणि प्रत्येक उत्तराने पुढच्या प्रश्नाकडे न्यावे. शास्त्रात या रीतीला द्विभाजी कुंजी म्हणतात. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने १७७८ मध्ये फ्रान्समधील वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात तिचा पद्धतशीर वापर केला आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. जड पदार्थांच्या विभागणीत जैन आचार्यांनीही याच रीतीशी नाते सांगणारी दृष्टी स्वीकारली होती. तिचा थोडक्यात परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात अजीवाचा विचार आला आहे. त्यातील क्रम दोन वाटांच्या प्रश्नांनी मांडता येतो. द्रव्याला चेतना आहे काय? असल्यास तो जीव, नसल्यास अजीव. अजीवाला रूप आहे काय? नसल्यास ते धर्म, अधर्म, आकाश यांसारखे अरूपी द्रव्य, असल्यास पुद्गल. स्पर्श, रस, गंध आणि वर्ण हे पुद्गलाचे लक्षण होय. पुद्गलाचे आणखी विभाजन होऊ शकते काय? होत असल्यास तो स्कंध, होत नसल्यास अणू. अशा रीतीने तीन प्रश्नांत आपण समस्त द्रव्यांपासून अविभाज्य परमाणूपर्यंत येऊन पोहोचतो.

याहून सूक्ष्म विभागणी आचार्य कुंदकुंदांच्या नियमसारात आढळते. तेथे पुद्गलस्कंधांचे सहा भेद सांगितले असून ते स्थूल आणि सूक्ष्म या दोनच शब्दांच्या जोडणीतून सिद्ध झाले आहेत. पंचास्तिकायावरील टीकेत आचार्य अमृतचंद्रांनी या भेदांची लक्षणे दिली आहेत, आणि तीच विशेष लक्ष देण्याजोगी आहेत. लाकूड किंवा दगड तोडला असता त्याचे तुकडे आपोआप जुळत नाहीत. म्हणून तो स्थूल-स्थूल. दूध, तूप, तेल, पाणी विभागले तरी पुन्हा एकत्र येते. म्हणून ते स्थूल. छाया, ऊन आणि चांदणे डोळ्यांना दिसते, परंतु तोडता किंवा हाती धरता येत नाही, ते स्थूल-सूक्ष्म. गंध, रस, स्पर्श आणि शब्द दिसत नाहीत, तरी इतर इंद्रियांना जाणवतात, ते सूक्ष्म-स्थूल. कोणत्याही इंद्रियाला न जाणवणारे कर्मयोग्य पुद्गल हे सूक्ष्म, आणि त्यांच्याही खालचे, दोन अणूंच्या स्कंधापर्यंतचे, ते सूक्ष्म-सूक्ष्म. पुढे गोम्मटसाराच्या जीवकांडात आचार्य नेमिचंद्रांनी सहाव्या स्थानी परमाणूच ठेवला. अर्थात परंपरेच्या आतही विभागणीचा विचार पुढे चालूच राहिला.

येथे पदार्थाची ओळख त्याच्या नावावरून होत नसून परीक्षेवरून होते. तोडून पाहा, जुळते का ते पाहा; डोळ्यांनी पाहा, हाताने धरून पाहा. उन्हाला केवळ स्थूल किंवा केवळ सूक्ष्म म्हटले नाही, कारण डोळ्यांच्या अपेक्षेने ते एक आहे आणि हाताच्या अपेक्षेने दुसरे. दोन वाटांचा प्रश्न विचारतानाही तो कोणत्या अपेक्षेने विचारला आहे याचे भान ठेवणे, ही अनेकांत दृष्टीची शिकवण येथे सहज उतरलेली दिसते.

युरोपात हाच प्रश्न निराळ्या अंगाने पुढे गेला. १७८९ मध्ये लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पृथक्करणाची अखेरची मर्यादा म्हणजे मूलद्रव्य, अशी व्याख्या करून ३३ मूलद्रव्यांची सूची दिली. त्या सूचीत प्रकाश आणि उष्णता यांनाही स्थान होते, तसेच चुनाही होता. चुना मूलद्रव्य नसावा अशी शंका खुद्द लाव्हाझिएलाही होती. परंतु तो फोडण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने त्यातून कॅल्शियम वेगळे केले. प्रश्न तोच राहिला, साधन बदलले आणि उत्तरही बदलले. आज शाळेत शिकवली जाणारी विभागणी याच मार्गाने आली आहे. पदार्थ भौतिक क्रियेने वेगळा होतो काय? होत असल्यास मिश्रण. नसल्यास, रासायनिक क्रियेने त्याचे विघटन होते काय? होत असल्यास संयुग, नसल्यास मूलद्रव्य.

ही दोन चित्रे शेजारी ठेवली की आधुनिक विज्ञान आपल्या ग्रंथांत आधीच होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. जैनांचा परमाणू हा रसायनशास्त्रातील अणू नव्हे. रसायनशास्त्राचा अणू पुढे फुटला. आगमांचा परमाणू व्याख्येनेच अविभाज्य आहे. शिवाय रसायनशास्त्रात प्रत्येक मूलद्रव्याचा अणू निराळा, तर जैन मते सर्व परमाणू एकाच जातीचे असून पृथ्वी, जल, अग्नी व वायू ही सर्व त्यांचीच कार्ये होत. छायेलाही आजचे विज्ञान पदार्थ मानीत नाही. हे भेद झाकून ठेवल्याने आचार्यांचा गौरव वाढत नाही. उलट त्यांनी खरोखर काय साधले तेच दृष्टीआड होते.

त्यांनी साधले ते असे की जे दिसते त्यापासून प्रारंभ करून, जे दिसत नाही त्याच्यापर्यंत क्रमाक्रमाने जाणारी एक वाट आखून दिली. दगडापासून निघालेला जिज्ञासू पाणी, ऊन, गंध अशी एकेक पायरी उतरत परमाणूपाशी येतो, आणि कोठेही त्याला उडी घ्यावी लागत नाही. नव्या पिढीच्या हाती हे ग्रंथ देताना सहा भेदांची नावे पाठ करून घेणे पुरेसे नाही. प्रत्येक नावामागे कोणता प्रश्न उभा आहे, हेही तिला सांगितले पाहिजे. तसे झाले तरच या ज्ञानपरंपरेचा वारसा खऱ्या अर्थाने पुढे जाईल.