उपली बुरुजावरून

लाखांदूरहून विजापूर गाठायचे म्हणजे वैनगंगेचा काठ सोडून सबंध महाराष्ट्र आडवा कापणे. तरी आम्ही गेलो आणि उपली बुरूज चढलो. शहरावर नजर ठेवणारा हा सुमारे ८० फुटी गोल बुरूज हैदरखान या सरदाराने १५८४च्या सुमारास बांधला. तटबंदी उभी राहिली तेव्हा तो मोहिमेवर होता, म्हणून मागाहून त्याच्या वाट्याला सगळ्यांत उंच काम आले, अशी दंतकथा. जिना बाहेरून वळत जातो. माथ्यावर दोन लांबलचक तोफा, एक तर ३० फुटांहून मोठी! पूर्वेला गोलघुमट, पश्चिमेला इब्राहिम रोजा.

खाली उतरलो तर एका प्रवाशाने विचारले, "मुसलमान असून आपसांत मराठी बोलता?" आम्हांला हसू आले. विचारले कुठे, तर विजापुरात! इथल्या दरबाराच्या कागदांत फारसीसोबत मोडीतला मराठी मजकूर असे. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात हिशेबातली फारसी काढून देशी भाषा आणली, असे याच दरबारचा इतिहासकार फिरिश्ता लिहितो. १६८६ साली औरंगजेबाने आदिलशाही बुडवली; ते कागद मात्र अजून वाचता येतात. गृहस्थांना एवढे सांगितले. त्यांनी चहा मागवला.