तरंगणारी वीट आणि पोकळ गोलक : हलक्या बांधकामद्रव्यांच्या इतिहासातील एका समजुतीची तपासणी

१

पोकळी हे बांधकामाचे द्रव्य केव्हा झाले, हा प्रश्न प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. बांधणारा दगड, वीट, चुना यांचा हिशेब ठेवतो. त्यांतील रिकाम्या जागेचा हिशेब तो सहसा ठेवीत नाही. परंतु काचेचे किंवा राखेचे पोकळ सूक्ष्म गोलक आज गिलाव्यात, रंगात व हलक्या काँक्रीटमध्ये मिसळले जातात, तेव्हा विकत घेतलेल्या मालाचा बहुतेक भाग पोकळीच असतो. असा एक गोलक साधारणतः दहापासून दीडशे मायक्रॉनपर्यंत व्यासाचा असून त्याचे कवच काचेच्या बाबतीत एक-दोन मायक्रॉन जाडीचे असते.

या द्रव्याची वंशावळ रोमन घुमटापासून आजच्या प्रयोगशाळेपर्यंत एका सरळ रेषेत मांडण्याचा मोह होतो. प्राचीनांनी हलका दगड वापरला, मध्ययुगीनांनी हलकी वीट भाजली, आधुनिकांनी हलका गोलक निर्माण केला, असा तो क्रम होय. प्रस्तुत लेखात ही रेषा तपासून पाहण्याचा हेतू आहे. आमच्या मते ती टिकत नाही. प्राचीनांनी शोधले ते रंध्र. आधुनिकांच्या हाती आले ते बंदिस्त कवच. या दोहोंतील भेद दृष्टिआड झाल्यामुळेच सूक्ष्म गोलकांविषयी आजही अवास्तव अपेक्षा बाळगल्या जातात.

२

प्रथम प्राचीन पुरावा पाहू. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुशास्त्रकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात विटांचे विवेचन करताना स्पेनमधील मॅक्सिलुआ व कॅलेट आणि आशिया मायनरमधील पिताने या गावांच्या विटांचा उल्लेख केला आहे. या विटा वाळल्यावर पाण्यावर तरंगतात, कारण त्यांची माती प्युमिससारखी असते, असे तो सांगतो. ही माती वाळल्यानंतर पाणी शोषून घेत नाही, हेही त्याने नमूद केले आहे. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरेल.

रोम येथील पँथिऑन हे हॅड्रियनच्या कारकिर्दीत, इ. स. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्ण झाले. त्याच्या घुमटाचा व्यास सुमारे ४३.३ मीटर आहे. त्याच्या काँक्रीटमधील खडी तळाशी जड असून वर जावे तसतशी ती हलकी होत जाते. मध्यवर्ती झरोक्याजवळ प्युमिस व सच्छिद्र लाव्हा आढळतो. रॅव्हेना येथील सान व्हिताले या चर्चचे अर्पण इ. स. ५४७ मध्ये झाले. त्याच्या घुमटात भाजलेल्या मातीच्या पोकळ नळ्या एकीत एक अडकवून बसविल्या आहेत. येथे पोकळी निसर्गाकडून आयती न घेता कुंभाराने हेतुपूर्वक घडविली, हा या वास्तूचा विशेष होय.

दख्खनमध्येही या विद्येचे उत्तम उदाहरण आहे. तेलंगणातील पालमपेट येथील रामप्पा मंदिर इ. स. १२१३ मध्ये काकतीय राजवटीत उभारण्यास प्रारंभ झाला, इ. स. २०२१ मध्ये त्याचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. त्याच्या शिखरात सच्छिद्र व पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या विटा वापरल्यामुळे खालच्या दगडी रचनेवरील भार कमी झाला. तरंगणाऱ्या शिळांचे कुतूहल सेतुबंधाच्या आख्यानाने आपल्याकडे घरोघर पोचविलेलेच आहे. रामप्पाच्या विटांभोवती आश्चर्याचे वलय निर्माण व्हावे, यात नवल नाही. तथापि स्थपतीच्या दृष्टीने त्यांचे मोल तरंगण्यात नसून शिखराचा भार हलका करण्यात होते.

या मालिकेतील शेवटचे नाव जोव्हान्नी फाब्रोनी याचे. इ. स. १७९१ मध्ये त्याने टस्कनीतील सांताफिओरा येथील पांढऱ्या मातीपासून तरंगणाऱ्या विटा तयार केल्या. ही माती म्हणजे डायटम नामक सूक्ष्म शैवालांच्या सिलिकामय कवचांचा साठा होय. अशा विटेचे एक टोक तापून लाल झाले तरी दुसरे टोक हातात धरता येते, असे दिसून आले. हलकेपणा आणि उष्णतारोधन हे दोन गुण एकाच वस्तूत एकत्र आहेत, ही गोष्ट येथे प्रयोगाने पुढे आली.

३

विट्रुव्हियसपासून फाब्रोनीपर्यंत कसोटी एकच आहे : वस्तू पाण्यावर तरंगते की नाही. ही कसोटी सोपी व निर्णायक खरी, पण ती केवळ सरासरी घनतेविषयी बोलते. पोकळी कोठे आहे, तिची तोंडे उघडी आहेत की बंद, तिच्याभोवतीची भिंत किती भार सोसेल, या प्रश्नांवर ती मौन बाळगते.

उघड्या, परस्परांशी जोडलेल्या रंध्रांत पाणी शिरते. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन असून पाण्याची सुमारे ०.६ आहे, म्हणजे वीसपटींहून अधिक. कोरडी असताना उत्तम उष्णतारोधक ठरणारी सच्छिद्र वीट पावसाळ्यात भिजली की आपला गुण गमावते. बंदिस्त पोकळीत हा दोष उद्भवत नाही. विट्रुव्हियसने जलशोषणाचा उल्लेख केला, हे त्याच्या निरीक्षणशक्तीचे द्योतक आहे. परंतु उघडे व बंद रंध्र यांत भेद करण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

रंध्र व गोलक यांच्या मधली पायरी म्हणून पर्लाइटकडे पाहता येईल. हा ज्वालामुखीजन्य काचमय खडक असून त्यात काही टक्के पाणी बद्ध असते. त्याचा चुरा सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत एकदम तापविला की काच मऊ होते, पाण्याची वाफ होते आणि ज्वारीच्या दाण्याची लाही व्हावी तसा कण फुगून मूळच्या चारपासून वीसपट आकारमानाचा होतो. अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात पर्लाइटचा गिलाव्यासाठी व्यापारी उपयोग सुरू झाला. परंतु लाहीप्रमाणेच त्याचे कण ठिसूळ असतात आणि त्यांची अनेक रंध्रे फुटलेली असतात.

४

पोकळ गोलकाची कारखान्यातील निर्मिती बांधकामासाठी झाली नाही, ही या इतिहासातील सर्वांत बोधप्रद गोष्ट होय. ओहायो राज्यातील स्टँडर्ड ऑइल या कंपनीपुढे प्रश्न होता तो खनिज तेलाच्या टाक्यांतून होणाऱ्या बाष्पीभवनाचा. तेलाच्या पृष्ठभागावर पोकळ कणांचा थर तरंगत ठेवला तर तो पातळीबरोबर खालीवर होईल आणि वाफही अडवील, अशी ही कल्पना होती. त्यासाठी प्रथम फिनॉलिक प्लॅस्टिकचे सूक्ष्म फुगे तयार करण्यात आले. फ्रँकलिन व्हीच व राल्फ बरहन्स यांना पोकळ कणांच्या कृतीचे अमेरिकन पेटंट १९५७ मध्ये मिळाले. काचेच्या पोकळ गोलकांचे पेटंट व्हीच व त्याचे सहकारी यांना १९६१ मध्ये मिळाले. पुढे १९६८ मध्ये बेक व ओब्रायन यांना भरीव काचकण पुन्हा तापवून त्यांचे फुगे करण्याच्या कृतीचे पेटंट मिळाले. काच मऊ होण्याच्या क्षणी कणाच्या आत वायू सुटावा आणि पृष्ठताणाने त्याला गोल आकार द्यावा, हे या कृतीचे सूत्र होय.

या नव्या द्रव्याचे मर्म कवचाच्या जाडीत आहे. साठ मायक्रॉन व्यासाच्या गोलकाचे कवच एक मायक्रॉन जाडीचे असेल, तर त्याच्या आकारमानापैकी दहा टक्क्यांहून थोडा कमी भाग काचेचा असतो. काचेची घनता २.५ धरल्यास गोलकाची घनता सुमारे ०.२४ येते. कवच दोन मायक्रॉनचे केले की ती सुमारे ०.४७ होते. दोन्ही गोलक पाण्यावर तरंगतील. पण दाब सोसण्याची त्यांची शक्ती अगदी भिन्न असेल. बाजारातील सर्वांत हलके, म्हणजे ०.१२५ घनतेचे काचगोलक सुमारे १.७ मेगापास्कल दाबाला चिरडतात, तर ०.६० घनतेचे काही प्रकार ६९ मेगापास्कल व त्याहून अधिक दाब सोसतात. तरंगण्याच्या कसोटीवर हे दोघेही सारखेच उत्तीर्ण होतात. त्या कसोटीची मर्यादा दाखविण्यास हे एकच उदाहरण पुरेसे आहे.

राळेत असे गोलक बसवून केलेल्या संमिश्र द्रव्याला ‘सिंटॅक्टिक फोम’ असे नाव मिळाले. समुद्रशास्त्राला त्याची निकड होती. १९६० मध्ये महासागराच्या सर्वांत खोल तळाशी गेलेल्या ‘त्रिएस्त’ या यानाला तरंगशक्तीसाठी पेट्रोलची प्रचंड टाकी वाहून न्यावी लागली होती. १९६४ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘ॲल्व्हिन’मध्ये ते काम गोलकांच्या संमिश्राने केले. अशा रीतीने तेलाच्या टाकीसाठी योजलेली युक्ती समुद्रात गेली आणि बांधकामाकडे ती त्यानंतर वळली.

५

कारखान्याबाहेर मात्र हेच गोलक कित्येक वर्षे नकळत तयार होत होते. दगडी कोळशाचा बारीक चुरा करून तो भट्टीत फुंकण्याची पद्धत अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९१८ च्या सुमारास वीजकेंद्रात यशस्वी झाली आणि नंतर जगभर पसरली. या भट्टीत कोळशातील मातकट खनिजे वितळून त्यांचे थेंब होतात. काही थेंबांत वायू कोंडला जाऊन ते फुगतात व तसेच थिजतात. फ्लाय ॲश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या राखेतील पोकळ गोलकांचे प्रमाण अल्प, बहुधा एक-दोन टक्के किंवा त्याहूनही कमी असते. राख पाण्याबरोबर तळ्यात सोडली की हे गोलक साईसारखे वर येतात.

त्यांच्या नावाचा इतिहासही लक्षणीय आहे. ‘रिकामा’ व ‘गोल’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनलेला ‘सेनोस्फिअर’ हा शब्द न्यूअल व सिनाट यांनी १९२४ मध्ये वापरला, तो कोळशाचे सूक्ष्म कण तापविल्यावर होणाऱ्या कार्बनच्या पोकळ गोळ्यांना उद्देशून. राखेतील गोलकांचे पद्धतशीर विवेचन करणारा एरिक रास्क यांचा निबंध इंग्लंडमध्ये १९६८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे बेक व ओब्रायन यांच्या पेटंटचे आणि या निबंधाचे वर्ष एकच आहे. एकीकडे वायू कोंडून काचेचा फुगा करण्याची कृती कायद्याने संरक्षित होत होती आणि दुसरीकडे हीच क्रिया वीजकेंद्राच्या भट्टीत आपोआप घडत असल्याचे स्पष्ट होत होते. शोधाचा इतिहास केवळ पेटंटांच्या आधारे लिहिणाऱ्याने या योगायोगाचा विचार करावा.

६

आता बांधकामाकडे वळू. गोलक मिसळल्याने संमिश्राची उष्णतावाहकता किती घटते? याचे पहिले गणित मॅक्सवेलने १८७३ च्या आपल्या ग्रंथात विद्युत्‌वाहकतेसंबंधी मांडले असून तेच सूत्र उष्णतेलाही लागू पडते. सिमेंटच्या आधारद्रव्याची वाहकता ०.९ व गोलकाची ०.१ धरून निम्मे आकारमान गोलकांनी व्यापले, तर संमिश्राची वाहकता सुमारे ०.४३ येते. म्हणजे ती निम्मी होते, दशांश होत नाही. कारण गोलकांना वळसा घालून सिमेंटमधून जाण्याचा मार्ग उष्णतेला मोकळाच राहतो. ज्यांनी रोमन घुमटाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून केवळ हलकेपणावरून रोधनाचा अंदाज बांधला, त्यांची येथेच फसगत होते.

रंगाच्या बाबतीत ही फसगत अधिकच ठळक होते. ०.३ मिलिमीटर जाडीच्या लेपाची वाहकता ०.१ धरली, तर त्याचा उष्णतारोध ०.००३ येतो. आपल्या नेहमीच्या नऊ इंची विटांच्या भिंतीचा रोध, वाहकता ०.८ धरल्यास, सुमारे ०.२९ असतो. म्हणजे लेपाने रोधात पडणारी भर शेकडा एक इतकीच! पांढरा लेप उन्हातील छप्पर थंड ठेवतो हे खरे. पण ते मुख्यतः सूर्यप्रकाश परतविण्यामुळे, रोधनामुळे नव्हे. लेपांच्या रोधमूल्याविषयी अतिशयोक्त दावे केल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२० मध्ये चार कंपन्यांविरुद्ध न्यायालयात दावे दाखल केले, यावरून हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही हे ध्यानात यावे.

याचा अर्थ गोलक निरुपयोगी आहेत असा नव्हे. जेथे आधारद्रव्यच नसते आणि गोलकांमधील हवाही काढून घेतलेली असते, तेथे त्यांचे सामर्थ्य पूर्णपणे प्रकट होते. द्रव हायड्रोजनच्या दुहेरी भिंतींच्या टाक्यांत पर्लाइटऐवजी काचगोलक भरल्यावर हायड्रोजनचे बाष्पीभवन बरेच घटले, असे नासाच्या चाचण्यांत आढळले. बांधकामातही भार व बळ यांचा मेळ घालण्यात त्यांचे खरे कार्य आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात सेनोस्फिअर वापरून केलेल्या सिमेंट-संमिश्राची घनता प्रति घनमीटर १५०० किलोग्रॅमच्या आत राहूनही त्याचे दाबबळ सुमारे ६० मेगापास्कल मिळाले. पँथिऑनच्या स्थपतीला अशा जोडीची कल्पनाही करता आली नसती.

७

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. तरंगणारी वीट आणि पोकळ गोलक यांत कौतुकाचे साम्य आहे, वंशाचे नाही. पहिलीचा प्रश्न ‘वजन किती?’ हा होता. दुसऱ्याचा प्रश्न ‘कवच किती जाड, किती अखंड, आणि त्याच्याभोवती काय?’ हा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लागू करणे ही इतिहासाची चूक तर आहेच, पण शास्त्राचीही आहे.

आणखी एका गोष्टीकडे पदव्युत्तर अभ्यासकांचे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. भारतात १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून वीजकेंद्रांच्या राखेचा उपयोग बंधनकारक करण्याचे धोरण सुरू झाले. राख कोरडीच गोळा करून सिमेंटला देणे नदीनाल्यांच्या दृष्टीने निःसंशय हितकर. परंतु तळेच नसेल तर त्यावर येणारी साय कोठून मिळणार? ज्या इंग्लंडमध्ये रास्क यांनी हे गोलक अभ्यासले, तेथील शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. कोराडी वा चंद्रपूर येथील राख अद्याप आपल्या दाराशी आहे. तिच्यातील गोलकांच्या कवचाची जाडी, अखंडता व सिमेंटशी होणारी दीर्घकालीन प्रक्रिया यांची मापे घेण्याचे काम ती उपलब्ध आहे तोवरच करता येईल. विट्रुव्हियसने वीट पाण्यात टाकून पाहिली; आपण गोलक पाण्यातून काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला पाहिजे.