कंबररेषेची कुळकथा

फोक्सवॅगनची जुनी कॅम्पर व्हॅन घरच्या अंगणात दोन रंगांत रंगवायला घेणाऱ्याला रंगाच्या आधी एक रेघ नक्की करावी लागते. खिडक्यांच्या खालून पत्र्याचा एक उठाव गाडीभोवती फिरतो आणि पुढच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी उतरत येऊन इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या टोकाशी मिळतो. मोटारींच्या बांधणीत या पातळीला कंबररेषा म्हणतात. एक रंग तिच्या वर आणि दुसरा तिच्या खाली, हा संकेत इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याला काही कूळ असेल, अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. येथे मांडायचे प्रतिपादन असे की, ही रेघ म्हणजे घोड्यांच्या बग्गीवरील चामड्याची कड आहे आणि चामडे गेल्यानंतरही ती जागची हललेली नाही.

गाडीचा स्वतःचा इतिहास परिचित आहे: डच व्यापारी बेन पॉन यांनी एप्रिल १९४७ मध्ये वहीत काढलेले ओबडधोबड रेखाटन, मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबुर्गला सुरू झालेले उत्पादन, १९५१ पासून वेस्टफालिया कारखान्याने पुरवलेले मुक्कामाचे सामान आणि १९५६ मध्ये हॅनोव्हरला झालेले स्थलांतर. अभ्यासकाने थांबावे ते १९५१ च्या ‘साम्बा’ या उंची प्रकारापाशी. तिची गाजलेली जोडी तपकिरी आणि लाखेच्या लाल रंगाची असून त्यात गडद तपकिरी वर आणि लाल खाली आहे. आज लोकांच्या डोळ्यांपुढे येणारी पांढरे डोके आणि रंगीत अंग असलेली गाडी साठच्या दशकातली आहे. आरंभीचा क्रम तिच्या उलटा, म्हणजे वर काळोखा आणि खाली उजळ असा होता.

हाच क्रम इंग्लंडच्या टपालगाड्यांवर आढळतो. जॉन पामर यांच्या योजनेनुसार १७८४ मध्ये ब्रिस्टल ते लंडन धावू लागलेल्या या घोडागाड्यांची रंगसंगती पुढे ठरून गेली: वरचा भाग काळा, दारे व खालच्या फळ्या किरमिजी, चाके लालभडक. वरच्या काळेपणाला केवळ शोभेचे कारण पुरत नाही. बंद घोडागाडीचे छत आणि खिडक्यांच्या आसपासचा वरचा भाग पावसापासून वाचावा म्हणून चामड्याने मढवीत आणि ते चामडे काळे करून चकचकीत ठेवीत. खालच्या लाकडी फळ्यांवर मात्र रंगाचे आणि रोगणाचे थरावर थर चढवून घासकाम होत असे. चामडे जेथे संपे तेथे त्याची कड खिळ्यांनी ठोकावी लागे, आणि खिळ्यांची डोकी दिसू नयेत म्हणून त्यावर बीडिंगची पट्टी बसवीत. अशा रीतीने दोन पदार्थांचा सांधा, त्यावरची पट्टी आणि दोन रंगांची सीमा या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत आल्या. विल्यम फेल्टन या लंडनच्या गाडीकाराने १७९४ पासून प्रसिद्ध केलेल्या घोडागाड्यांवरील ग्रंथात हा व्यवसाय इतक्या तपशिलाने वर्णिलेला आहे की चामडे, पट्ट्या आणि रंगकाम यांचा वेगवेगळा हिशेब त्यातून कळतो.

या प्रतिपादनावर पहिला आक्षेप असा घेता येईल की, टपालगाडी आणि साम्बा यांच्यामध्ये दीड शतकाहून अधिक काळ गेला आणि तेवढ्यात पोलादी पत्रा आला. आक्षेप वजनदार असला तरी मोटारीचे छत बरेच उशिरापर्यंत पत्र्याचे नव्हते, ही गोष्ट त्यात विसरली जाते. छताएवढा मोठा पत्रा एका दाबात घडवणारी यंत्रे नसल्यामुळे बंद मोटारींच्या छताचा मधला भाग जलरोधक काळ्या कापडाने मढवलेला असे. जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणले ते १९३५ च्या गाड्यांवर. म्हणजे ‘वरचे मढवलेले, खालचे रंगवलेले’ ही विभागणी फोक्सवॅगन व्हॅनच्या आधी जेमतेम पंधरा वर्षांपर्यंत जिवंत होती. एवढ्या अवधीत कारागिराचा डोळा बदलत नाही.

दुसरे मत उन्हाचे आहे: पांढरे छत ऊन परतवते, म्हणून वरचा रंग फिका. साठच्या दशकातील गाड्यांना ते लागू पडते, आणि क्रम उलटण्यामागे उष्ण प्रदेशांतील वाढत्या निर्यातीचा हात असावा, असे मानायलाही हरकत नाही. पण तपकिरी डोक्याच्या साम्बाचे स्पष्टीकरण ते देऊ शकत नाही. शिवाय उन्हासाठी छतापुरता पांढरा रंग पुरे, तो खिडक्या ओलांडून कमरेपर्यंत उतरण्याचे प्रयोजन नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पिवळा रंग छतावरच थांबतो, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. तिसरे मत या साऱ्याला अमेरिकी मोटारींची नक्कल ठरवते. ते फॅशनच्या लाटेविषयी खरे असेल, पण रेघ त्याच जागी का, या प्रश्नाला ते हातच घालत नाही.

अमेरिकेचे खरे ऋण वेगळे आहे. १९२३-२४ च्या सुमारास ड्युपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा झटपट वाळणारा रंग मोटारींवर आला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडचे सुतार व रंगारी फवाऱ्याने दिलेल्या चकचकीत रंगाला अजूनही ड्युकोच म्हणतात. रंग स्वस्त व जलद झाल्यावर दुरंगी गाड्यांची हौस वाढली आणि फवाऱ्याचा रंग सीमेबाहेर जाऊ नये म्हणून रंगारी वर्तमानपत्रे डिंकाने चिकटवू लागले, जी काढताना खालचा नवा रंगही सोलून येई. सेंट पॉल शहरात पॉलिश पेपरचे नमुने घेऊन फिरणाऱ्या थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू या तरुणाने रंगाऱ्यांच्या शिव्या ऐकल्या आणि १९२५ मध्ये चुणीदार कागदाची मास्किंग टेप तयार केली. तिच्या ‘स्कॉच’ या नावाची कथा अशी सांगतात की, नमुन्याच्या टेपला फक्त कडांना गोंद असल्याने ती गळून पडली, तेव्हा एका रंगाऱ्याने ‘तुझ्या कंजूष स्कॉच साहेबांना पुरता गोंद लावायला सांग’ असे सुनावले. कथा संशय यावा इतकी नीटस आहे. दोन इंच रुंद टेपची एक कड गाडीला आणि दुसरी आच्छादनाच्या कागदाला धरत असेल, तर मध्ये गोंद नसणे हा हिशेबीपणा ठरतो. आणि ‘स्कॉच’ म्हणजे काटकसरी हा त्या काळच्या अमेरिकेतला रूढ समज विक्रेत्याला उपयोगाचाच होता. नाव शिवीतून आले असो वा जाहिरातीतून, दुरंगी मोटारीच्या अडचणीतून टेप जन्मली एवढे निर्विवाद आहे.

घरच्या कामात हा सारा वारसा हाताखाली येतो. लांबी भरून, घासून आणि प्रायमर देऊन झाल्यावर बहुधा फिका रंग आधी देतात, कारण गडद रंग फिक्याला सहज झाकतो. तो पुरता वाळला की उठावाच्या कडेने बारीक प्लास्टिकची टेप लावतात, जी व्हीच्या वळणावर कागदी टेपसारखी सुरकुतत नाही. टेपच्या कडेवर आधी टेपखाली झाकलेल्या पहिल्याच रंगाचा पातळ हात फिरवला तर फटीत शिरायचे ते त्याच रंगाचे शिरते आणि नंतरचा रंग आत पाझरत नाही. रंग पूर्ण कडक होण्याआधी टेप स्वतःवरच दुमडत तिरकी ओढली की कड स्वच्छ सुटते. उशीर झाला तर रंगाची साय तुटून कड दातेरी होते. साम्बाच्या कंबरेवर अॅल्युमिनियमची चकाकती पट्टी बसते आणि बग्गीच्या बीडिंगने खिळे झाकावेत तशी ती ही दातेरी कड झाकून टाकते. याच व्हॅनच्या मायक्रोबस या साध्या दुरंगी प्रकाराला ती पट्टी नसते, त्यामुळे कमी किमतीच्या गाडीच्या मालकालाच टेप अधिक काटेकोरपणे लावावी लागते.