माथा, पायथा आणि उपसा

जालना तालुक्यातल्या कडवंचीला येणारे शेतकरी द्राक्षबागा आणि शेततळी पाहून जातात. सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात एकाच गावात पाचशेहून अधिक शेततळी! नवल वाटणारच. पण या गावाचे मूळ काम बागेत दिसत नाही, ते माळावर झाले. १९९६ पासून पुढची काही वर्षे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, तिथे माथा ते पायथा या क्रमाने काम झाले. आधी वर समतल चर, मग उताराच्या शेतांत बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यात बंधारे. विहीर आटते खाली आणि त्याचा इलाज करायचा वर, हा विचार इथवर कसा पोहोचला?

बांध घालणे जुनेच. मुंबई प्रांताने १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा करून समतल बांधांची कामे काढली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो कायदा इथे लागू नव्हता. १९७२ च्या दुष्काळात माणसे जगवायची म्हणून रोजगार हमीची कामे निघाली. जिथे मजूर, तिथे काम. खडी फोडली गेली, रस्ते झाले, पाझर तलावही झाले. पण वरचा माळ उघडाच राहिला, की त्याची माती पहिल्या पावसात तलावात उतरते. हजेरीपटावर काम पुरे होई; तलाव मात्र गाळाने भरत जाई. १९८३ च्या सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रमाने सुट्या कामांऐवजी सगळे पाणलोट एकत्र धरायचे ठरवले.

दोष दिसतो तिथेच न शोधता सगळी व्यवस्था एकत्र धरायची, या विचाराची दुसरी शाखा कारखान्यात वाढली. अमेरिकेत नेब्रास्कातल्या गुरांच्या रँचवर लहानाचे मोठे झालेले अभियंते जे फॉरेस्टर १९५६ मध्ये एमआयटीच्या व्यवस्थापन शाखेत आले. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यात कधी जादा पाळ्या चालत, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. व्यवस्थापक बाजाराला दोष देत. फॉरेस्टर यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवले, की हा हेलकावा नोकरभरतीच्या आणि मालसाठ्याच्या कारखान्याच्या स्वतःच्याच नियमांतून उठतो. त्यांच्याच पद्धतीवर डोनेला मेडोज आणि सहकाऱ्यांनी ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ लिहिले. ते प्रसिद्ध झाले १९७२ मध्येच.

इकडे १९७२ च्याच दुष्काळात पुण्याचे कारखानदार अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले. नायगावला माळ अडवून पाणी साठवल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: हे पाणी कोणी किती घ्यायचे? पाणीपंचायतीने वाटप जमिनीवर न बसवता माणशी बसवले, भूमिहीनांनाही हिस्सा दिला आणि ऊस वर्ज्य केला. अडवणे आणि उपसणे तिथे एकाच हिशेबात आले.

कडवंचीपर्यंत आलेल्या इंडो-जर्मन कार्यक्रमामागे स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर होते. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी या अटी गावाने मान्य केल्या तरच निधी मिळे. म्हणजे चराबरोबर शेळी आणि सरपणही आराखड्यात आले. उपसा मात्र या तीन अटींत नव्हता.

सरकारी योजनांनी पुढे पाणी अडवण्याचा वारसा उचलला आणि साळुंख्यांचा वाटपाचा वारसा मागेच राहिला. त्याचे फळ मराठवाड्यात, नाशकात, नगरमध्ये दिसते. वाहते पाणी धरण्यासाठी असलेल्या शेततळ्यात प्लास्टिक अंथरून विहिरीचे, बोअरचे पाणी भरले जाते. तळे भरले की धीर येतो, बाग वाढते. बाग वाढली की उपसा वाढतो. विहीर खाली गेली की आणखी मोठे तळे लागते, आणि उन्हाळ्यात त्यातले पाणी उडून जाते ते वेगळेच. प्रत्येक शेतकऱ्याचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो. सगळ्यांचे मिळून शिवार कोरडे पडते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबी बागा वाळल्या, तेव्हा पावसाच्या तुटीबरोबर उपशाने आलेली तूटही भोवली.

मेडोज यांनी पुढे बदलाच्या जागांची उतरंड मांडली. तिच्यात आकडे, म्हणजे अनुदानाची रक्कम किंवा कामांची संख्या, सर्वांत खाली आहेत. नियम आणि उद्दिष्टे कितीतरी वर. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने नियमच बदलले. तिथे सिंचनासाठी बोअर बंद आहे आणि पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यातही पाणीवापराचे आणि पिकांचे नियोजन आहे. जालन्यातल्या ग्रामसभांनी किती तळी झाली हे विचारण्याआधी, रब्बीच्या पेरणीपूर्वी, किती उपसायचे हे ठरवावे. उपसा मोजला नाही, तर माथा ते पायथा हे अर्धेच काम आहे.