दिवेलागण आणि मधमाशीचे उड्डाण

मुंबईतील कृत्रिम प्रकाशाचा इतिहास बहुधा मनुष्याच्या सोयीच्या दृष्टीने लिहिला जातो. १८६५ साली शहरातील रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले; १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेच्या दिव्यांचा प्रयोग झाला. १९०५ च्या सुमारास परळ-लालबागच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस १४-१५ तासांपर्यंत लांबला. ‘दिवेलागण’ या शब्दाने दिवसाची अखेर सूचित होते. गिरणीत मात्र दिवा लागला तरी दिवस संपेना. अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामास १२ तासांची मर्यादा घातली.

हरितगृहातील दिव्यांचाही एक हेतू दिवस लांबविणे हाच असतो. तेथे परागीभवनासाठी ठेवलेल्या माश्यांवर त्याचा काय परिणाम होतो, हे समजण्यास त्यांची दृष्टी जाणून घेणे अवश्य आहे. मधमाशीस रंग ओळखता येतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास सिद्ध केले. आकाशातील ध्रुवित प्रकाशावरून ती दिशा ठरविते, हे त्यांनीच १९४९ मध्ये दाखविले. तिला अतिनील किरण दिसतात, तांबडा रंग जवळजवळ दिसत नाही. हरितगृहात पुष्कळदा वापरल्या जाणाऱ्या सोडियमच्या दिव्यात पिवळा-नारिंगी प्रकाश विपुल व अतिनील अत्यल्प असतो. बाहेर सूर्य असेपर्यंत ही उणीव फारशी जाणवत नाही. अंधार पडल्यावर मात्र माश्या दिव्याभोवती घिरट्या घालतात, काचेवर आपटतात आणि कित्येक पेटीकडे परतत नाहीत.

यास केवळ अंधार कारण आहे, असे म्हणता येत नाही. आग्या माशी पुरेशा चांदण्यात मध गोळा करण्यास बाहेर पडते. भीमाशंकरच्या अरण्यात आढळणारा, लाकूड पोखरून राहणारा निशाचर भुंगा तारकांच्या प्रकाशातही खुणांचे रंग ओळखतो, असे हेमा सोमनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. मंद पण नैसर्गिक प्रकाश या कीटकांस मार्ग दाखवितो. तीच आग्या माशी वस्तीतील प्रखर दिव्याकडे झेपावून मार्ग चुकते.

तेव्हा हरितगृहातील प्रकाश मनुष्याच्या डोळ्यास किती लख्ख वाटतो, यावरून त्याची योग्यता ठरविणे सयुक्तिक नाही. पेटीचे दार सूर्याच्या वेळेप्रमाणे उघडावे व दिवेलागणीपूर्वी मिटावे, हा उपाय साधा आहे. गिरणीकामगाराच्या दिवसास मर्यादा घालण्यास कायदा करावा लागला. माशीच्या दिवसाची मर्यादा पाळणे सर्वस्वी हरितगृहाच्या चालकाकडे आहे.