एम्प्रेस मिलचा हजेरीपट

धंद्यात खोट आली की तिचे खापर सर्वांत खालच्या माणसाच्या माथी फोडावयाचे, हा शिरस्ता आपल्याकडील कारखानदारीइतकाच जुना आहे. सूत तुटले तर कामगार हलगर्जी, माल पडून राहिला तर दलाल लबाड, आणि गिरणीच बुडाली तर दैव प्रतिकूल, एवढ्यावर सारी तहकीकात आटोपे. या शिरस्त्याहून निराळी वाट ज्यांनी चिकाटीने चोखाळली, त्यांत नागपूरच्या एम्प्रेस मिलचे स्थान फार वरचे आहे.

गिरणीची जागा ठरली, तीच मुळी अशा विचारातून. कापूस वऱ्हाड-नागपुरात पिकावा आणि गिरण्या मात्र मुंबईस उभाराव्यात, हा तत्कालीन संकेत जमशेटजी टाटांनी बाजूस सारला आणि १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी स्थापून जुम्मा तलावानजीकची दलदलीची जमीन पसंत केली. हा गृहस्थ जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हणून एका स्थानिक सावकाराने कर्ज नाकारल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. व्यवस्थापक नेमले ते बेझनजी दादाभाई मेहता, रेल्वेच्या नोकरीतून आलेले, सूतकामाशी पूर्वसंबंध नसलेले. आणि मला वाटते, ज्याला धंद्यातल्या रूढींची सवय जडलेली नाही असा माणूस प्रश्न विचारण्यास अधिक लायक असतो.

प्रश्नही लवकरच उभे राहिले. सूत हलके उतरू लागले, तेव्हा दोष हातांचा नसून आरंभी काटकसरीने घेतलेल्या यंत्रांचा आहे, अशी खातरजमा करून ती यंत्रे बदलण्यात आली. पुढे १८८३ च्या सुमारास, लँकेशायरमधील कारखानदार जुन्या म्यूल यंत्रांनाच चिकटून असता, येथे रिंगच्या चात्यांचा प्रयोग झाला व तो यशस्वी ठरला.

नागपूरच्या वैशाखाची कल्पना ज्यांना आहे, त्यांना पुढची अडचण सहज समजेल. हवेतील ओल नाहीशी झाली की कापसाचा तंतू ठिसूळ होतो. चाती गरगरत असता धागा तटकन तुटतो, कामगार पुढे वाकून दोन टोके बोटांच्या चिमटीत सांधतो, आणि तो मागे वळतो न वळतो तोच शेजारच्या चातीवरचा धागा तुटलेला असतो. अशा वेळी मुकादमाची जरब वाढवून काय साधणार? गिरणीने हवा दमट राखणारी यंत्रे बसवली.

परंतु सर्वांत बिकट कोडे हजेरीपटाचे होते. खाडे इतके होत की पुष्कळ चात्या माणसांअभावी उभ्या राहत. दंड करणे किंवा बडतर्फ करणे हा सोपा उपाय हाताशी होताच. पण गिरणीत टिकून राहावे असे या माणसाला गिरणीने काय दिले आहे, हा प्रश्न जमशेटजींनी आधी विचारात घेतला. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबणाऱ्या, म्हातारपणी किंवा हात तुटल्यास निराधार होणाऱ्या माणसाने गिरणी आपली का मानावी? म्हणून नेमक्या हजेरीला बक्षिसे ठेवण्यात आली, १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी उभारला गेला, आणि १८९५ पासून अपघातग्रस्तांना भरपाई मिळू लागली.

यात व्यवहार होता, निव्वळ दानधर्म नव्हता, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो मी खुशाल मान्य करीन. व्यवहार होता म्हणूनच ही तजवीज मालकाच्या लहरीवर अवलंबून न राहता गिरणीच्या कारभाराचा भाग झाली. कामगारांना अपघाताची भरपाई देण्याचा कायदा हिंदुस्थान सरकारने केला, तो १९२३ साली. म्हणजे नागपुरानंतर अठ्ठावीस वर्षांनी.